गोठा, सही आणि संघटना: हुबळी-धारवाडचे सरकारी पशुवैद्य

शासकीय सेवेतील पशुवैद्यांची संघटना हा विषय बहुतेक वाचकांना पगारवाढ, बदल्या आणि मंत्र्यांना दिलेली निवेदने एवढ्यापुरताच वाटतो, आणि वर्तमानपत्रांतील बातम्याही याच तीन गोष्टींभोवती फिरत असल्याने तो समज पक्का होत जातो. परंतु ज्या मुलखात शेतकऱ्याच्या हाती वर्षभर येणारा रोख पैसा बऱ्याच अंशी दुधातून आणि शेळ्या-मेंढ्यांतून येतो, तेथे सरकारी पशुवैद्याचे पद भरलेले आहे की रिकामे, तो किती गावांना पुरा पडतो आणि कोणत्या कागदावर सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न त्या नोकरवर्गापुरते उरत नाहीत. हुबळी-धारवाडचा परिसर या दृष्टीने विशेष पाहण्याजोगा आहे, कारण येथील पशुवैद्यकीय सेवेची मुळे मुंबई इलाख्यात आहेत, तिचा आजचा कारभार बंगळूरहून चालतो, आणि तिच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या म्हैसपालक गवळ्यांपैकी अनेक जण आजही घरात मराठीच बोलतात.

सरकारने मुळात गुरांच्या औषधपाण्यात लक्ष का घातले, याचे उत्तर प्रामुख्याने बुळकांडी या एका रोगात सापडते. बुळकांडी म्हणजे विषाणूमुळे होणारा, तोंडात व्रण आणि भयंकर हगवण उत्पन्न करणारा गुरांचा साथरोग. तो गावात शिरला की गोठेच्या गोठे रिकामे होत, आणि बैल मेले की पुढच्या हंगामाची नांगरट थांबे, म्हणजे शेतसाराही बुडे. पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली होती ती मुख्यतः घोडदळासाठी. पण गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या हॅलन यांच्या आयोगाने १८७१ साली अहवाल दिल्यानंतर मुलकी कारभारालाही पशुवैद्यांची गरज पटू लागली. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि १८८९ साली पुण्यात जीवाणूशास्त्राची जी प्रयोगशाळा उघडली ती चार वर्षांनी हिमालयातील मुक्तेश्वरला हलवली गेली व पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे येथील गुरांच्या दवाखान्यांत परळच्या महाविद्यालयात शिकलेले पशुवैद्य नेमले जात, आणि त्यांच्या नावापुढे जी. बी. व्ही. सी. ही त्या महाविद्यालयाची अक्षरे लागत. मुक्तेश्वरला एडवर्ड्‌स यांनी १९२७ च्या सुमारास बोकडांच्या शरीरातून वारंवार पुढे नेऊन सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली, आणि तेथून या पशुवैद्यांचे मुख्य काम साथ आल्यावर धावण्यापेक्षा साथ येण्याआधी टोचण्याचे होत गेले.

या कामाचे फळ मिळायला जवळजवळ ८० वर्षे लागली. भारत बुळकांडीच्या संसर्गातून मुक्त असल्याचे २००६ मध्ये जागतिक पातळीवर मान्य झाले, २०११ मध्ये तो रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि देवीनंतर मानवाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग ठरला. गावोगाव फिरून टोचणी करणारा हा नोकरवर्ग नसता तर हे घडले नसते. तरीही देवीच्या निर्मूलनाची आठवण पाठ्यपुस्तकांत आहे आणि बुळकांडीच्या निर्मूलनाची बहुधा नाही, ही गोष्ट या व्यवसायाच्या सामाजिक स्थानाबद्दल पुष्कळ सांगून जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि वरील चार जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, ज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. मुंबई, हैदराबाद, मद्रास, कूर्ग आणि जुने म्हैसूर अशा पाच निरनिराळ्या प्रशासनांतून आलेले कर्मचारी एकाच खात्यात बसवायचे म्हटल्यावर सेवाज्येष्ठतेचा, म्हणजे बढतीच्या यादीत कोणाचे नाव कोणाच्या वर लागावे याचा, प्रश्न उभा राहिला. कारण प्रत्येक ठिकाणची पदनामे, वेतनश्रेणी आणि खात्याच्या परीक्षा वेगळ्या होत्या. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या तोट्याच्या होतील अशा रीतीने बदलू नयेत असे संरक्षण दिले होते, तरी मुंबई-कर्नाटकातून आलेल्या नोकरवर्गाचे ज्येष्ठतेचे वाद अनेक खात्यांत वर्षानुवर्षे न्यायालयांत चालत राहिले. एकट्या अधिकाऱ्याला अशा वादात राजधानीपर्यंत हेलपाटे घालणे परवडत नाही, आणि व्यावसायिक संघटनेची पहिली निकड याच ठिकाणी समजते. आज कर्नाटक उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडलाच आहे, ते २००८ मध्ये फिरते पीठ म्हणून आले आणि २०१३ मध्ये कायम झाले. पण त्यापूर्वीच्या अर्धशतकात धारवाडच्या कर्मचाऱ्याला उच्च न्यायालयातल्या दादीसाठी बंगळूरच गाठावे लागे.

राज्यघटनेत जनावरांचे रक्षण, रोगप्रतिबंध आणि पशुवैद्यकाचे शिक्षण व व्यवसाय हे विषय राज्यसूचीत आहेत, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देण्याचा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणून दवाखाना, डॉक्टर आणि औषध राज्याचे, परंतु डॉक्टर कोणाला म्हणावे हे ठरवणारा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ हा संसदेचा, अशी रचना आहे. या कायद्याच्या ३० व्या कलमानुसार नोंदणीकृत पदवीधर पशुवैद्याशिवाय अन्य कोणालाही सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या पशुवैद्याचे पद धारण करता येत नाही, पशुवैद्यकीचा व्यवसाय करता येत नाही, जनावराच्या आरोग्याचा दाखला देता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. ही पदवी सध्या एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची आहे. म्हणजेच सरकारी पशुवैद्याकडे उपचार करणारा हात आणि सही करणारा हात असे दोन अधिकार एकत्र येतात, आणि संघटनेच्या बऱ्याच मागण्यांचा उगम दुसऱ्या अधिकारातून येणाऱ्या जबाबदारीत असतो.

ही जबाबदारी काय असते ते काळपुळी या जीवाणूजन्य रोगाच्या एका संशयित मृत्यूवरून दिसते. संध्याकाळपर्यंत चरत असलेली म्हैस पहाटे गोठ्यात मरून पडलेली आढळते, तिच्या नाकातून आणि गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असते, आणि विम्याचा दावा करायचा असल्याने मालक शवविच्छेदनाचा आग्रह धरतो. सरकारी पशुवैद्याला अशा वेळी शव उघडण्यास नकार द्यावा लागतो, कारण काळपुळीचा जीवाणू शरीरात असतो तोवर बंदिस्त राहतो, पण शव फाडून त्याला हवा लागली की तो टणक कवचाचे बीजाणू तयार करतो आणि ते बीजाणू त्या मातीत कित्येक दशके जिवंत राहून पुढच्या पिढीतल्या गुरांना आणि माणसांनाही बाधू शकतात. म्हणून तो कानाच्या टोकाजवळच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतो, काचपट्टीवर पसरवतो, रंगद्रव्य टाकून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो किंवा तपासणीसाठी पाठवतो, आणि शव जाळण्याची किंवा खोल खड्ड्यात चुना घालून पुरण्याची व्यवस्था उभे राहून करून घेतो. जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा २००९ चा कायदा अशा रोगाची वर्दी देणे बंधनकारक करतो. गावातले वजनदार लोक, दुःखी मालक आणि विमा कंपनीचा कागद या तिघांच्या दडपणाखाली हा नकार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागे कोणी उभे आहे की नाही, याला फार महत्त्व आहे. आणि संघटनेने सुरक्षिततेची मागणी केली की ती लाड मागितल्यासारखी समजणे अन्यायाचे आहे.

धोका केवळ दडपणाचा नसतो. सांसर्गिक गर्भपात, ज्याला ब्रुसेल्लोसिस म्हणतात, त्याविरुद्ध चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना जी लस देतात ती जिवंत जीवाणूची असते, आणि उधळणाऱ्या वासराला टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर पशुवैद्यालाच तो रोग होऊ शकतो, ज्यात अधूनमधून येणारा ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. अडलेल्या म्हशीची वार हाताने काढताना हाच धोका आणखी वाढतो. खांद्यापर्यंतचे हातमोजे, टोचणाऱ्याच्या रक्ताची नियमित तपासणी आणि धोका भत्ता या मागण्या म्हणूनच वेतनाच्या रकान्यात न मांडता आरोग्याच्या रकान्यात मांडायला हव्यात.

धारवाडचे नाव ज्या पेढ्याने देशभर पोचवले त्याच्यामागे या भागातली म्हैस आहे, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२१ मध्ये धारवाडी म्हैस ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली, ही गोष्ट येथील कृषी विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासाला मिळालेली पावती होती. काळ्याभोर रंगाची, मध्यम बांध्याची आणि अर्धवर्तुळाकार मागे वळलेल्या शिंगांची ही म्हैस उत्तर कर्नाटकातल्या कोरड्या चाऱ्यावर टिकून राहते. गवळ्यांनी ती शहराच्या वस्त्यांत राखली, तर कलघटगी आणि हल्याळच्या बाजूला, सह्याद्रीच्या रानालगतच्या गवळीवाड्यांत धनगर-गवळ्यांनी म्हशी राखल्या. त्यांच्या पशुपालनाचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी केलेला आहे. अशा वाड्यात गेलेला पशुवैद्य प्रश्न कन्नडात विचारतो आणि उत्तर पुष्कळदा मराठीत येते, पण ‘वार पडली नाही’ किंवा ‘कास दगडासारखी झाली’ एवढ्याने दोघांचे काम भागते.

म्हशीच्या बाबतीत एक अडचण अशी की तिचा माज, म्हणजे गर्भधारणेस योग्य असा अल्प काळ, अनेकदा मुका असतो. ती गाईसारखी हंबरत नाही, दुसऱ्या जनावरांवर चढत नाही, आणि जी थोडीबहुत लक्षणे दिसतात तीही बहुधा रात्री किंवा पहाटे. घरधन्याच्या किंवा घरधनिणीच्या ध्यानात ती आली, तरी हाताशी रेडा नसेल तर उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली रेतनाची कांडी घेऊन पशुवैद्य किंवा त्याच्या देखरेखीखालचा प्रशिक्षित कर्मचारी काही तासांच्या आत गोठ्यात पोचावा लागतो. त्या दिवशी तो दुसऱ्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार सांभाळत असेल तर माज निघून जातो, पुढचा येतो साधारण २१ दिवसांनी, आणि तेवढ्या काळाचा चारा, पेंड आणि पुढे ढकललेले दूध यांचा भुर्दंड त्या घरावर बसतो. खात्याच्या कागदावर ‘एक पद रिक्त’ असे दोन-तीन शब्दांत जे मावते ते गोठ्यात अशा २१-२१ दिवसांच्या हप्त्यांनी मोजले जाते.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात दर ५,००० पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचवले होते. पशुघटक म्हणजे लहान-मोठ्या जनावरांना एकाच मापात आणणारी गणना, जीत अनेक शेळ्या-मेंढ्या मिळून एका मोठ्या जनावराएवढ्या धरल्या जातात. २०१९ च्या पशुगणनेत कर्नाटकात सुमारे ८५ लाख गाई-बैल, ३० लाख म्हशी, १ कोटी १० लाख मेंढ्या आणि ६० लाखांहून अधिक शेळ्या नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी लाळ-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यानुसार लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी द्यायची, प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला मारायचा आणि प्रत्येक टोचणीची नोंद संगणकावर चढवायची असे काम वाढले. लस २ ते ८ अंश तापमानातच टिकते, त्यामुळे बर्फाची पेटी घेऊन निघालेल्या पथकाला दिवसाचा हिशेब उन्हाशी आणि वाटेशी जुळवावा लागतो. काम वाढले म्हणून त्याच प्रमाणात माणसे वाढली असे सरकारी खात्यांत सहसा होत नाही, आणि पदांच्या आकृतिबंधाचा, म्हणजे कोणत्या दवाखान्याला किती व कोणत्या दर्जाची पदे मंजूर आहेत या आराखड्याचा आग्रह धरणे हे म्हणून संघटनेचे सर्वांत उपयुक्त काम ठरते.

कर्नाटकातील पशुवैद्यांची राज्यव्यापी संस्था कर्नाटक व्हेटर्नरी असोसिएशन या नावाने ओळखली जाते. देशपातळीवर इंडियन व्हेटर्नरी असोसिएशन आहे, आणि तिचे मुखपत्र झालेले इंडियन व्हेटर्नरी जर्नल १९२४ पासून मद्रासहून निघू लागले, म्हणजे या व्यवसायात ज्ञानाची देवघेव आणि हक्कांची मागणी या दोन्ही गोष्टी बराच काळ बरोबरीने चालत आल्या आहेत. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने संघटना स्थापण्याचा हक्क सरकारी नोकरालाही आहे, मात्र त्या हक्कात संपाचा हक्क येत नाही, टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू सरकार या २००३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते फार कडक शब्दांत सांगितले. त्यामुळे अशा संघटनांच्या हाती निवेदन, चर्चा, काळ्या फिती, न्यायालयीन दाद आणि असहकार एवढीच साधने राहतात. असहकार म्हणजे बहुधा अहवाल न पाठवणे आणि बैठकांना न जाणे. उपचार चालू ठेवून कागद थांबवणे हा त्यातला रास्त मार्ग आहे, परंतु साथीची नोंद थांबली तर शेजारच्या तालुक्याला इशारा मिळत नाही, एवढे भान त्यातही ठेवावे लागते.

अमेरिकेत याच जातीची संघटना १९१८ साली स्थापन झाली. तेथे १९०६ च्या मांस-तपासणी कायद्याने केंद्र सरकारच्या पशुउद्योग विभागात पशुवैद्यांची संख्या एकदम वाढली होती. कत्तलखान्यात उभे राहून रोगट मांस बाजूला काढणाऱ्या या अधिकाऱ्यांना कारखानदारांच्या रोषाला तोंड द्यावे लागे, आणि त्यांनी जी संघटना काढली ती पुढे केंद्रीय सेवेतल्या सर्व पशुवैद्यांची झाली. ती कामगार संघटना नाही, सरकारी खात्याशी सल्लामसलत करणारी व्यावसायिक संस्था आहे, आणि तेथेही केंद्रीय नोकरांना संप निषिद्ध आहे. धारवाडच्या वाचकाने या उदाहरणातून ध्यानात घेण्याजोगी बाब ही की पशुवैद्याचा संबंध केवळ पशुपालकाशी नसून मांस खाणाऱ्या आणि दूध पिणाऱ्या प्रत्येकाशी आहे. हुबळी आणि धारवाड ही दोन्ही शहरे मिळून १९६२ मध्ये जी महानगरपालिका झाली, तिच्या हद्दीतील मांसाची तपासणी, भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीजची लस ही कामे पशुवैद्यांशिवाय होत नाहीत.

संघटनेच्या मागण्यांपैकी वेतनसमानतेची मागणी सर्वांत जुनी आणि सर्वांत गैरसमजाची आहे. माणसांच्या डॉक्टरांइतकाच दीर्घ अभ्यासक्रम, तशीच नोंदणी, तशीच अवेळीची बोलावणी, तेव्हा वेतन आणि व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खासगी व्यवसाय न करण्याच्या बदल्यात मिळणारी रक्कम, हीदेखील तशीच असावी, असा तिचा युक्तिवाद आहे. केंद्राच्या सेवेतील पशुवैद्यांना हा भत्ता मिळतो आणि सातव्या वेतन आयोगानंतर त्याचा दर मूळ वेतनाच्या २० टक्के झाला; राज्यांत मात्र त्याची स्थिती एकसारखी नाही. हा युक्तिवाद मान्य करण्यासारखा आहे, आणि विशेषतः आडगावी राहणाऱ्या अधिकाऱ्याला खासगी व्हिजिटच्या मोहापासून दूर ठेवण्यासाठी हा भत्ता पशुपालकाच्याही हिताचा आहे.

पदवीधर आणि पदविकाधारक यांच्यातील वादात मात्र असा सरळ कौल देता येत नाही. पशुवैद्यकीय पदविका घेतलेले निरीक्षक, पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक हे गावात प्रत्यक्ष सर्वांत आधी पोचतात; १९८४ च्या कायद्यानुसार राज्य सरकारच्या आदेशाने त्यांना नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देता येतात, आणि उदयसिंग डागर प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र व्यवसायाचा हक्क पदवीधरांपुरताच असल्याचा कायदा कायम ठेवला. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर आणि त्यातून दुधात उतरणारे औषधांचे अंश पाहता पदवीधरांच्या संघटनांचा हा आग्रह शास्त्राला धरून आहे. परंतु जेथे देखरेख करणारे पदच रिकामे आहे तेथे देखरेखीची अट पाळायची कोणी, याचे उत्तर केवळ हक्काची सीमारेषा ठळक करून मिळत नाही. दोन्ही वर्गांच्या संघटनांनी एकमेकींविरुद्ध न्यायालयात उभे राहण्याऐवजी दवाखान्यागणिक दोन्ही पदे भरण्याची मागणी एकत्र मांडली, तर तिला आजच्यापेक्षा जास्त वजन येईल.

दुसरा अवघड प्रश्न प्रतिनिधित्वाच्या कक्षेचा आहे. हुबळी-धारवाडच्या आसपास जनावरे तपासणारे सगळेच पशुवैद्य खात्याच्या आस्थापनेवर नाहीत. दूध उत्पादक संघांचे स्वतःचे पशुवैद्य आहेत, काही जण कंत्राटी नेमणुकीवर आहेत, आणि १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन केला असता दारी येणाऱ्या फिरत्या चिकित्सा वाहनांतील पशुवैद्य कायम सेवेत असतातच असे नाही. कंत्राटी पशुवैद्याची सही कायद्याच्या दृष्टीने तितकीच जोखमीची असते, सुईचा धोकाही तितकाच असतो, पण त्याला ना बढती आहे ना निवृत्तिवेतन, आणि केवळ कायम अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेत रस घेणाऱ्या संघटनेत त्याचा प्रश्न शेवटच्या पानावर जातो. १९५६ नंतर मुंबईहून आलेल्यांची जी अवस्था झाली होती, म्हणजे काम एकच पण यादी वेगळी, तिच्याशी ही स्थिती फार जुळते, आणि त्या इतिहासातून गेलेल्या या भागातील पशुवैद्यांनी तरी हा विषय पुढाकाराने घ्यावा अशी अपेक्षा ठेवायला जागा आहे.

भारतात २०१९ मध्ये ओडिशात प्रथम आढळलेला लम्पी त्वचा रोग, ज्यात गुरांच्या अंगभर गाठी येतात आणि डास, माश्या, गोचिडांमार्फत तो पसरतो, २०२२ मध्ये कर्नाटकातही, विशेषतः हावेरी आणि धारवाडच्या पट्ट्यात, वेगाने फैलावला. गोठ्यागोठ्यांत शेळ्यांच्या देवीची लस टोचणे, बाजार बंद ठेवणे, मेलेली जनावरे पुरून घेणे आणि नुकसानभरपाईसाठी मृत्यूची नोंद करणे हे सगळे त्याच थोड्या अधिकाऱ्यांच्या अंगावर पडले. अशा साथीच्या काळात कोणत्या दवाखान्यात पद किती दिवस रिकामे होते आणि त्या हद्दीत पहिली टोचणी किती दिवस उशिरा झाली, हे दोन रकाने शेजारी ठेवून तालुकावार तक्ता तयार करणे संघटनेला सहज शक्य आहे, कारण ही माहिती तिच्या सभासदांच्याच नोंदवह्यांत असते आणि ती तपासून घ्यायला धारवाडातच कृषी विज्ञान विद्यापीठ आहे. पुढच्या निवेदनाला पगाराच्या मागणीबरोबर असा तक्ता जोडला गेला, तर अर्थखात्यातील अधिकाऱ्याला रिक्त पदाची किंमत मेलेल्या गुरांच्या आणि आटलेल्या दुधाच्या हिशेबात वाचता येईल, आणि निवेदन देणाऱ्यांच्या रांगेत दूध संघाचे सभासद आणि गवळीही उभे राहू शकतील.